'ईव्हनिंग स्टार'ची पाच वर्षं

स्मरणिका समितीने "काका, तुम्ही रेल्वेवर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा आधी घाटातल्या आठवणी लिहाव्यात असं मनात आलं. पण लिहायला बसलो आणि समोर शोकेसमधलं हिरवं इंजिन दिसलं. सोसायटीतली लहान मुलं आमच्याकडे आली की पहिली त्याच्याकडेच धावतात. "आजोबा, हा थॉमस आहे का?" हा ठरलेला प्रश्न. थॉमस नाही रे बाबा. पण थॉमसच्या कार्टूनमध्ये मर्डॉक नावाचं एक भलं मोठं इंजिन आहे ना, ते ह्याच जातीचं. एवढं सांगितलं की मुलांचं समाधान होतं. ह्या इंजिनाची खरी गोष्ट मात्र मोठ्यांनी ऐकण्यासारखी आहे, ती आज सांगतो.

२०१८ साली मुलाकडे लीड्सला गेलो होतो. तिथून जवळच यॉर्क आहे आणि यॉर्कला इंग्लंडचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. प्रवेश फुकट, त्यामुळे सौ. पण खूश होत्या. तिथे मी 'ईव्हनिंग स्टार' पाहिलं. क्रमांक ९२२२०. गडद हिरवा रंग, धुराड्याला तांब्याची कड, बाजूला नावाची पाटी. मी गाडीवर आयुष्य काढलेला माणूस, एवढं सजवलेलं मालगाडीचं इंजिन कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या फलकावर तारखा होत्या : बांधलं मार्च १९६०, सेवेतून काढलं मार्च १९६५. मला वाटलं छापण्यात चूक झाली. मी मुलाला पुन्हा वाचायला लावलं. चूक नव्हती. पाच वर्षंच!

वाफेचं इंजिन नीट राखलं तर तीस-चाळीस वर्षं सहज चालतं, हे आमच्या शेडमधला क्लीनरसुद्धा सांगेल. मग पाच वर्षांत असं काय झालं? संग्रहालयाच्या दुकानातून मी हे छोटं मॉडेल घेतलं, दोन पुस्तकं घेतली आणि परत आल्यावर वाचत बसलो.

ह्या जातीचं नाव '९ एफ'. गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धानंतर. १ जानेवारी १९४८ ला इंग्लंडमधल्या चार मोठ्या खासगी रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 'ब्रिटिश रेल्वेज' जन्माला आली. चार कंपन्यांची चार तऱ्हेची इंजिनं, त्यांचे सुटे भाग वेगळे, शेडमधल्या लोकांचे हाल. तेव्हा ठरलं की आता सगळ्यांसाठी सारखी, ठराविक नमुन्याची इंजिनं बांधायची. हे काम रॉबर्ट रिडल्स ह्या अनुभवी इंजिनिअरकडे आलं. युद्धात त्यांनीच कमी लोखंडात, कमी वेळात, कमी खर्चात बांधता येतील अशी लष्करी इंजिनं काढली होती.

अमेरिकेत त्या वेळी डिझेलचं वारं सुटलं होतं. तरी रिडल्स वाफेवर ठाम राहिले. कारण सरळ होतं. कोळसा इंग्लंडच्या जमिनीत होता, तेल बाहेरून आणावं लागत होतं आणि युद्धाने देशाची तिजोरी रिकामी केली होती. शिवाय एका डिझेल इंजिनाच्या किमतीत वाफेची कितीतरी इंजिनं होत. त्यांचं म्हणणं असं की पुढे विजेची गाडी आणायचीच आहे, तोवर घरच्या कोळशावर स्वस्त आणि साधी इंजिनं चालवू. त्या घडीला हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. आपण नाही का, नवं घर मिळेपर्यंत जुन्या घराला रंग काढून घेत!

बारा नमुन्यांची इंजिनं ठरली. त्यातला शेवटचा आणि मालगाडीसाठीचा सर्वांत दणकट नमुना म्हणजे ९ एफ. पहिलं इंजिन जानेवारी १९५४ मध्ये क्रू इथल्या कारखान्यातून बाहेर पडलं. रिडल्स त्याच्या आधीच, १९५३ मध्ये, निवृत्त झाले होते. एकूण २५१ इंजिनं बांधली गेली, क्रूला १९८ आणि स्विंडनला ५३.

थोडं यंत्राबद्दल सांगतो, कंटाळू नका. ह्या इंजिनाला पुढे दोन लहान चाकं आणि मागे गाडी ओढणारी दहा मोठी चाकं, एका बाजूला पाच. ओढणारी चाकं जास्त असली की इंजिनाचं जास्त वजन त्यांच्यावर पडतं आणि रुळावर पकड चांगली बसते, चाकं घसरत नाहीत. पण दहा चाकांची लांबलचक चौकट वळणावर अडकणार, त्याचं काय? म्हणून मधल्या जोडीला रुळाच्या आत राहणारी कडच ठेवली नाही. ती चाकं अगदी सपाट. वळणावर ती रुळावरून थोडी इकडे-तिकडे सरकतात आणि इंजिन सुखरूप वळतं. किती साधी युक्ती!

दुसरी युक्ती भट्टीची. ताकद हवी तर भट्टी मोठी हवी आणि मोठी भट्टी सहसा चाकांच्या मागे ठेवतात. इथे ती चाकांच्या वर ठेवली. त्यासाठी चाकं लहान, दीड मीटर व्यासाची घेतली आणि बॉयलर उंच उचलला. बाजूने पाहिलं तर बॉयलरच्या खालून पलीकडचं दिसतं, एवढा उंच. भट्टीच्या जाळीचं क्षेत्रफळ ४० चौरस फूट. आपल्या सोसायटीतली बाथरूम साधारण तेवढीच भरेल. त्या बाथरूमभर पेटता निखारा आहे आणि फायरमनने डुलत्या इंजिनावर उभं राहून फावड्याने तो सगळीकडे सारखा राखायचा आहे, एवढं डोळ्यासमोर आणा.

हे इंजिन कसं चाललं? उत्तम चाललं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन डॉक म्हणून बंदर आहे. तिथे जहाजातून लोहखनिज उतरायचं आणि आत डोंगरावर कॉन्सेट नावाच्या गावी पोलाद कारखाना होता, तिथे ते न्यायचं. वाट चढाची. पुढे एक ९ एफ आणि मागून रेटायला दुसरं. आपल्या कसारा घाटात मागे बँकर लावतात तसंच. ह्या कामाला दहा इंजिनं खास नेमली होती. त्यांच्यावर हवेचे पंप बसवलेले. वर पोचल्यावर हवेच्या दाबाने सगळ्या वाघिणींची दारं एकदम उघडायची आणि खनिज खाली. १९६६ पर्यंत हे काम त्यांनी चोख केलं. नॉटिंगहॅमशायरचा कोळसा दक्षिणेकडे नेणाऱ्या गाड्या तर ह्या इंजिनांनी एवढ्या जोरात पळवल्या की त्या गाड्यांना लोक 'विंडकटर', म्हणजे वारा कापणाऱ्या, म्हणू लागले.

मजा पुढेच आहे. मालगाडीचं इंजिन, लहान चाकांचं, ते प्रवासी गाडीला कोण लावणार? पण अडचणीला लावलं आणि १९५८ च्या ऑगस्टमध्ये एका ९ एफने उतारावर ताशी ९० मैल, म्हणजे जवळजवळ १४५ किलोमीटरचा वेग गाठला. साहेब लोकांना धडकी भरली. लहान चाकं एवढ्या वेगात फिरली की आतल्या दांड्यांचं काय होतं ते आम्ही जाणतो. पुढे असं करू नका अशी ताकीद निघाली.

बाथ ते बोर्नमथ ह्या डोंगराळ मार्गावर 'पाइन्स एक्स्प्रेस' धावायची. चढ इतका की गाडीला दोन इंजिनं लावावी लागत. तिथे ९ एफने एकटीने गाडी ओढून दाखवली. पण ह्या जातीत डबे गरम ठेवायला वाफेची नळी नव्हती, मालाला कुठे थंडी वाजते! म्हणून हिवाळा आला की त्यांना परत पाठवत. ८ सप्टेंबर १९६२ ला त्या मार्गावरची शेवटची पाइन्स एक्स्प्रेस ओढली ती 'ईव्हनिंग स्टार'नेच.

सगळंच गोड होतं असं नाही. कोळसा वाचवण्यासाठी दहा इंजिनांना इटालियन पद्धतीचा 'क्रॉस्टी' बॉयलर बसवला. भट्टीतला गरम धूर सरळ बाहेर न सोडता खालच्या दुसऱ्या टाकीतून फिरवायचा आणि त्याच्या उष्णतेने पाणी आधीच गरम करून घ्यायचं. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात धुराडं बाजूला, फायरमनच्या पुढ्यात आलं आणि धूर, वाफ त्याच्या तोंडावर. धुरातल्या गंधकाने पत्रा खाल्ला. बचतही सांगितली तेवढी झाली नाही. शेवटी ती दुसरी टाकी बंद करून टाकली. मोठ्या लोकांच्या हिशोबात फायरमनचं तोंड धरलेलं नसतं, एवढंच म्हणतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ९ एफ बाहेर पडायला लागून वर्ष होतं न होतं तोच, जानेवारी १९५५ मध्ये, ब्रिटिश रेल्वेची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली. १२४ कोटी पौंडांची. तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं की वाफ जाणार, तिच्या जागी डिझेल आणि वीज येणार. त्या दिवशी २५१ पैकी बहुतेक इंजिनं अजून बांधायची होती! कोणालाही वाटेल की कारखान्यांना लगेच 'थांबा' असा निरोप गेला असेल. तसं झालं नाही. एका टेबलावर वाफ संपवायचा कागद आणि दुसऱ्या टेबलावर वाफेच्या नव्या इंजिनांच्या ऑर्डरी, दोन्ही पाच वर्षं शेजारी शेजारी चालू राहिले.

मार्च १९६० मध्ये स्विंडनला शेवटचं इंजिन तयार झालं. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन. कर्मचाऱ्यांमध्ये स्पर्धा घेऊन नाव निवडलं 'ईव्हनिंग स्टार', संध्याकाळचा तारा. ज्या जुन्या ग्रेट वेस्टर्न कंपनीचा हा कारखाना, तिच्या अगदी पहिल्या भरवशाच्या इंजिनाचं नाव होतं 'नॉर्थ स्टार', १८३७ सालचं. ताऱ्याने सुरुवात, ताऱ्याने शेवट. ९ एफची बाकी सगळी इंजिनं काळी. ह्या एकालाच प्रवासी एक्स्प्रेसचा हिरवा रंग दिला. १८ मार्चला समारंभ झाला, पडदा उघडला.

मला राहून राहून त्या कारखान्यातल्या फिटरांचा विचार येतो. त्यांना माहीत होतं की ही शेवटची. तरी तांब्याची कड घासून-पुसून लख्ख केली.

चार वर्षांत भंगाराची सुरुवात झाली. पहिली ९ एफ १९६४ मध्ये निघाली, शेवटची जून १९६८ मध्ये. २५१ पैकी एकाही इंजिनाने सेवेत पंधरा वर्षं पुरी केली नाहीत. त्यांची ताकद कमी झाली नव्हती. त्यांच्याहून कितीतरी जुनी इंजिनं त्याच काळात अजून धावत होती. झालं असं की धोरण बदललं आणि त्याच वेळी मालही लॉरीवर जायला लागला. लहान लहान स्टेशनांवरची मालाची चढ-उतार बंद पडत गेली, काही मार्गच उखडले. विंडकटर ज्या मार्गावर पळायच्या तो बहुतेक मार्ग बंद झाला. पाइन्स एक्स्प्रेसचा तो डोंगरी मार्ग १९६६ मध्ये बंद झाला. ओढायला काही उरलंच नाही.

कोणी म्हणेल, वाफ जुनीच होती, जायचीच होती. मग हे ऐका. त्याच स्विंडनला १९६४-६५ मध्ये स्थानिक मालवाहतुकीसाठी ५६ नवी डिझेल इंजिनं बांधली. त्यांचं कामही नाहीसं होत होतं. १९६९ पर्यंत ब्रिटिश रेल्वेने ती सगळी सेवेतून काढली. चार-पाच वर्षांत! म्हणजे दोष वाफेचा नव्हता की डिझेलचा नव्हता. पुढे काय काम असणार आहे हे न विचारता बांधत सुटायचं, ही सवयच नडली.

इथे मी माझी बाजू सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याला वाफेचा पुळका आलाय. मी १९७३ ला क्लीनर म्हणून लागलो, मग फायरमन झालो. मे महिन्यात वऱ्हाडात, बाहेर पंचेचाळीस अंश आणि पुढ्यात उघडी भट्टी. तळहाताची कातडी दोनदा सोलून निघाली, डाव्या हातावर भाजल्याची खूण अजून आहे. डिझेलवर बदली झाली त्या दिवशी मी देवापुढे नारळ फोडला होता. वाफ गेली ते बरंच झालं. लांबून ती शिट्टी गोड वाटते, जवळून ती माणसाला पिळून काढते. पण वाफ संपवणं वेगळं आणि संपवायची ठरलेली असताना दोनशे नवी बांधून दहा वर्षांत मोडणं वेगळं. त्यात लोकांचा पैसा गेला, कारागिरांची मेहनत गेली.

आपल्याकडचं थोडं सांगतो, कारण आपलाही धागा तिथे जुळतो. मी ज्या इंजिनावर कोळसा टाकला ते 'डब्ल्यूजी', आपलं मालगाडीचं इंजिन. त्याची पहिली तुकडी ग्लासगोच्या कारखान्यातून आली. मग १९५० मध्ये बंगालमधल्या चित्तरंजनला आपला कारखाना उभा राहिला आणि तिथलं पहिलं इंजिन 'देशबंधू' बाहेर पडलं. एकूण २,४५० डब्ल्यूजी झाली. जून १९७० मध्ये चित्तरंजनहून शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन निघालं, क्रमांक १०५६०. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'अंतिम सितारा'! यॉर्कच्या त्या फलकासमोर उभा असताना मला हे आठवलं आणि मी मुलाला सांगितलं, अरे, ह्यांचा एक तारा आणि आपला एक. फरक एवढाच की आपण आपल्या इंजिनांकडून काम करून घेतलं. डब्ल्यूजी नव्वदच्या दशकापर्यंत दिसत होती. आपल्याला टाकून देणं परवडणारं नव्हतं, हेही खरं.

त्या २५१ पैकी आज नऊ शिल्लक आहेत. 'ईव्हनिंग स्टार' शेवटचं म्हणून आधीपासूनच जपायचं ठरलेलं होतं. सात इंजिनं वाचली ती चक्क एका भंगारवाल्यामुळे. वेल्समधल्या बॅरी गावच्या वुडहॅम ह्यांनी शेकडो इंजिनं भंगारात विकत घेतली होती. पण त्यांच्याकडे जुन्या वाघिणीही भरपूर होत्या, त्या तोडायला सोप्या. म्हणून आधी वाघिणी तोडल्या आणि इंजिनं नुसती गंजत उभी राहिली. तेवढ्या वर्षांत हौशी लोकांनी वर्गण्या काढल्या आणि एकेक करून दोनशेहून जास्त इंजिनं सोडवून नेली, त्यात ही सात.

नववं इंजिन वाचवलं एका चित्रकाराने. डेव्हिड शेफर्ड ह्यांची हत्तींची चित्रं जगभर गाजली. १९६७ मध्ये चित्रांच्या विक्रीतून आलेल्या पैशातून त्यांनी रेल्वेकडून थेट एक ९ एफ विकत घेतलं आणि त्याला 'ब्लॅक प्रिन्स' नाव दिलं. ह्याच शेफर्ड ह्यांनी १९७३ मध्ये वाघाचं एक चित्र काढून त्याच्या प्रतींच्या विक्रीचा पैसा आपल्या व्याघ्र प्रकल्पासाठी उभा केला होता. वाघ आणि इंजिन, दोन्ही संपत आलेले जीव त्यांनी सांभाळले. १९८२ मध्ये सॉमरसेटच्या एका खाणीत ह्या 'ब्लॅक प्रिन्स'ला दोन हजार टनांहून जास्त वजनाची गाडी जोडली. जागेवरून उचलायची होती. त्याने उचलली. ब्रिटनमध्ये एकट्या वाफेच्या इंजिनाने ओढलेली ती सर्वांत जड गाडी. सरकारने निरुपयोगी ठरवून पंधरा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. गेल्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला, आवाज चढले, शेवटी चहा घेऊन सगळे घरी गेले. मी कोणत्या बाजूचा ते इथे लिहीत नाही, स्मरणिका त्यासाठी नाही. लिफ्टजवळची गळती मलाही दिसते आणि टॉवरमधल्या मोठ्या खोल्या सौ.नाही दिसतात. पण पुढच्या सभेत मी दोन प्रश्न विचारणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. इमारत खरंच थकली आहे, की आपलं धोरण बदललं आहे? आणि तिकडे पाडायचं ठरत असेल, तर इकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची नवी ऑर्डर द्यायची का? दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून मग बोलू.

तोवर मुलांनो, शोकेसमधलं इंजिन बघायला केव्हाही या. मधली चाकं नीट बघा, त्यांना कड आहे की नाही ते सांगा. बरोबर उत्तराला एक लाडू.